नेम चुकतो की बाण? पारंपरिक तिरंदाजीतल्या बारीक चुका कशा शोधाव्यात

(तारकर्ली येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आज आपण बांबूच्या धनुष्याबद्दल बोलणार आहोत. आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवर 'इंडियन राउंड' नावाचा स्वतंत्र प्रकार आहे. त्यात बांबूचं किंवा लाकडाचं साधं धनुष्य घेऊन ३० आणि ५० मीटरवर बाण मारतात. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी सुवर्णपदकं मिळवली, ती कंपाउंड धनुष्यावर. त्यात कप्प्या असतात, भिंग असतं. बांबूच्या धनुष्यात यातलं काहीच नाही. त्यामुळे बाण भलतीकडे गेला की लगेच शिक्का बसतो, "ह्या पोराला नेमच नाही." आमचं म्हणणं असं, की नेमाला दोष देण्याची पाळी सगळ्यात शेवटी यावी.

आधी साधा हिशोब बघू. ताणलेला बाण साधारण ७० सेंटीमीटर लांब धरू. त्याचं मागचं टोक फक्त १ मिलिमीटर सरकलं, तर ३० मीटरवर बाण सुमारे ४.३ सेंटीमीटर बाजूला जातो, ५० मीटरवर सुमारे ७. आणि ८० सेंटीमीटरच्या लक्ष्यावर एक वलय असतं ४ सेंटीमीटरचं. म्हणजे एका मिलिमीटरला एक गुण गेला! एवढा फरक डोळ्याला दिसतच नाही. मग तो शोधायचा कसा?

लक्ष्य वाचायचं. एका बाणावरून काही ठरवू नका. सहा-सहा बाणांच्या तीन फेऱ्या मारा आणि कागदावर खुणा करा. चार चित्रं दिसू शकतात.

पहिलं, सगळे बाण जवळजवळ, पण पूर्ण घोळका खाली. इथे हात ठीक आहे, धनुष्याचा जोर कमी झालाय. आपल्या किनाऱ्यावरची हवा दमट, बांबू ओल धरतो आणि मऊ पडतो. रात्रभर दोरी चढवून ठेवलं तरी तो बाक धरून बसतो. म्हणून सराव संपला की दोरी उतरवायची, धनुष्य कोरड्या सावलीत आडवं ठेवायचं. उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नाही.

दुसरं, बाण वर-खाली विखुरलेले. आधी दोरी बघा. बाण लावायच्या जागेवर दोऱ्याची पक्की गाठ हवी, काटकोनाच्या रेषेपेक्षा किंचित वर. ती सैल होऊन सरकत असेल, तर प्रत्येक बाण वेगळ्या उंचीवरून निघतो. मग मूठ ते दोरी हे अंतर पट्टीने मोजा. नवी दोरी पहिले काही दिवस ताणते, अंतर कमी होतं. दोरीला पीळ वाढवला की ते पुन्हा जागेवर येतं. चांगला घोळका पडतो त्या दिवशीचं अंतर मुठीवर लिहूनच ठेवा. हे सगळं ठीक निघालं, तर मग हात तपासा. बोट दरवेळी गालावर त्याच जागी टेकतंय का?

तिसरं, डावी-उजवीकडचा दोष. दोरी सुटते तेव्हा बाण सरळ जात नाही, आधी वाकतो आणि मुठीला वळसा घालून पुढे निघतो. हे वाकणं धनुष्याच्या जोराशी जुळायला हवं. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यासाठी सोपी परीक्षा आहे. १०-१५ मीटरवरून पिसांचे बाण मारा, त्यांच्याबरोबर एक बिनपिसाचा. बिनपिसाचा डावीकडे गेला तर बाण फार ताठ, उजवीकडे गेला तर फार लवचिक. ताठ असेल तर टोक जड लावा, लवचिक असेल तर हलकं. डावखुऱ्यांनी हेच उलट वाचायचं. वेगळ्या रंगाचं पीस धनुष्याच्या बाहेरच्या बाजूला आहे ना, तेही बघा.

चौथं चित्र मजेशीर. पाच बाण एकत्र आणि एक नेहमी भटका. बाणांना नंबर घाला. दरवेळी तोच नंबर भटकत असेल, तर चूक बाणाची. खाच घट्ट असेल, पीस चेपलेलं असेल, काडी वाकलेली असेल. खाच तपासायची रीत अशी : बाण दोरीला लावून खाली लोंबकळू द्या. तो टिकला पाहिजे आणि दोरीला हलकी टिचकी मारली की पडला पाहिजे.

आता प्रश्न आलाय, "वाऱ्याचं काय?" रास्त आहे. इथला किनारा साधारण दक्षिणोत्तर. दुपारी खारे वारे पश्चिमेकडून येतात. उत्तरेकडे तोंड करून मारलात तर बाण उजवीकडे ढकलले जातात आणि आपल्याला वाटतं बाण लवचिक आहेत! म्हणून कुंपण असलेल्या मैदानात दोन्ही दिशांनी मारून बघा. किनाऱ्यावर नको, तिथे माणसं फिरतात. दिशा बदलल्यावर दोषाची बाजू बदलली, पण बाण जमिनीकडेच सरकत राहिले, तर तो वारा. शक्यतो बाणांची परीक्षा पहाटे, वारा पडलेला असताना करा.

एक नियम मात्र पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही. आणि दोरीचा धागा तुटलेला किंवा बांबूला चीर दिसली, तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता ते धनुष्य बाजूला ठेवा. ताणलेलं धनुष्य तोंडाजवळ फुटतं.

हे एवढं का सांगायचं? सामानात दोष असला की मूल नकळत शरीर वाकवून तो भरून काढतं. बाण डावीकडे जातो म्हणून मान वळवतं, खांदा उचलतं. सामान नंतर दुरुस्त होतं, पण ती सवय वर्षानुवर्षं राहते. किंवा मूल खेळच सोडतं. रापणीत मासळी आली नाही, तर रापणकार दर्याला बोल लावण्याआधी जाळं तपासतो. पोराला "नेम नाही" म्हणण्याआधी आपणही तेवढं करू या.