कागदावरचा संघ आणि खेळाडूंचे गुण

वर्गात तास रिकामा मिळाला की मागच्या बाकांवर पुस्तक उघडून क्रिकेट खेळणारे विद्यार्थी बहुतेक शाळांत सापडतात. पुस्तक मध्येच कुठेतरी उघडायचे आणि पानाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक पाहायचा. जो अंक येईल तितक्या धावा. शून्य आला की गडी बाद! (काही जणांच्या अंगठ्याला नेमके ‘सहा’चे पान उघडण्याची सवय होते, तो भाग वेगळा.)

याच खेळाचे थोरले भावंड म्हणजे कागदी संघ. यात खेळाडू खरे असतात, संघ मात्र आपला असतो. निरनिराळ्या खऱ्या संघांतून आपल्याला आवडतील ते अकरा खेळाडू निवडून त्यांची नावे वहीत लिहायची. हे खेळाडू आपापल्या सामन्यांत जी कामगिरी करतील, तिच्याबद्दल ठरलेल्या नियमांनुसार आपल्या संघाला गुण मिळतात. अमेरिकेतील ओकलंडच्या बिल विंकेनबाख व त्याच्या मित्रांनी १९६२ मध्ये तिकडच्या फुटबॉलसाठी असा खेळ रचला. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट या लेखकाने न्यूयॉर्कमध्ये बेसबॉलसाठी तसाच खेळ रचला. पुढे बर्फावरच्या हॉकीत, क्रिकेटमध्ये आणि आपल्याकडे कबड्डीतही तो पसरला. मोबाइलवर पैसे लावून तो खेळणाऱ्यांची संख्या इतकी वाढली, की पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. आपल्याला पैशाशी कर्तव्य नाही. एक वही आणि पेन्सिल पुरे.

हंगाम संपला की मात्र एक अवघड प्रश्न उभा राहतो. आपल्या अकरा जणांपैकी कोणाला ‘अ’ श्रेणी द्यायची आणि कोणाला ‘क’? प्रश्न दिसतो खेळातला, पण शाळेच्या किंवा जिल्ह्याच्या संघात कोणाला घ्यायचे हे ठरवणाऱ्या क्रीडाशिक्षकांपुढेही हाच प्रश्न असतो, आणि तिथे चूक झाली तर एखाद्या मुलाचे वर्ष फुकट जाते. म्हणून त्याचा जरा नीट विचार करू.

गोलरक्षकाचे कोडे

समजा, आपण हॉकीचा कागदी संघ केला आणि नियम असे ठरवले: गोल केल्यास ५ गुण, गोलासाठी चेंडू पुरवल्यास ३, गोलरक्षकाने फटका अडवल्यास १ आणि त्याच्यावर गोल झाल्यास उणे २. नियम वाजवी वाटतात. आता दोन गोलरक्षक घ्या. पहिल्यावर हंगामात ६० फटके आले. त्याने ४८ अडवले, १२ गोल झाले. त्याचे गुण ४८ उणे २४, म्हणजे २४. दुसऱ्यावर २० फटके आले. त्याने १५ अडवले, ५ गोल झाले. त्याचे गुण १५ उणे १०, म्हणजे ५. पहिला जवळजवळ पाचपट सरस ठरला!

पण पहिल्यावर इतके फटके आलेच का? त्याच्या संघाची बचावफळी कच्ची होती म्हणून. आपल्या नियमाप्रमाणे बचावफळी जितकी दुबळी, तितके गोलरक्षकाचे गुण जास्त. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाने पाच सामन्यांत २९ गोल केले (त्यांपैकी १४ एकट्या ध्यानचंद यांचे) आणि भारतावर एकही गोल झाला नाही. गोलरक्षक होते रिचर्ड ॲलन. चेंडू बहुतेक वेळ प्रतिपक्षाच्याच अंगणात असणार, त्यामुळे ॲलन यांना अडवायला फटके आले असतील ते थोडेच. आमच्या वहीत ऑलिंपिक विजेत्याला ‘क’ श्रेणी मिळायची!

मग एकूण आकड्यांऐवजी प्रमाण काढावे. पहिल्याने शेकडा ८० फटके अडवले, दुसऱ्याने शेकडा ७५. हे बरे झाले. तरीही ‘पहिला सरस’ असे लगेच लिहू नका. एक प्रयोग करा. सारख्या आकाराच्या दहा चिठ्ठ्या घ्या. आठांवर ‘अडवला’ आणि दोहोंवर ‘गोल’ असे लिहून त्या डब्यात टाका. न पाहता एक चिठ्ठी काढा, नोंद करा, परत टाका, डबा हलवा. असे वीस वेळा केले की एका काल्पनिक गोलरक्षकाचा हंगाम झाला. या गोलरक्षकाचे खरे कौशल्य शेकडा ८० आहे, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे, कारण चिठ्ठ्या आपणच लिहिल्या. तरी वीसपैकी दर वेळी १६ ‘अडवला’ येणार नाहीत. कधी १८ येतील, कधी १३. संभाव्यतेच्या गणिताने असे निघते, की १५ किंवा त्याहून कमी येण्याचे प्रसंग शंभरांत सुमारे ३७ असतात. म्हणजे शेकडा ८० कौशल्याचा माणूसही दर तीन हंगामांत एकदा तरी शेकडा ७५ चा किंवा त्याहून उणा दिसेल. वीस फटक्यांवरून पाच टक्क्यांचा भेद ठरवणे म्हणजे भाताचे एकच शीत चाचपून सगळ्या पंक्तीचा स्वयंपाक झाला म्हणण्यासारखे आहे.

सोलापूरच्या फलंदाजाची सात खाती

चिठ्ठ्यांचा खेळ सोडून आता खऱ्या माणसाकडे वळू. पहलन रतनजी उम्रीगर, म्हणजे सर्वांचे पॉली उम्रीगर, यांचा जन्म २८ मार्च १९२६ रोजी सोलापूरला झाला. पुढे ते मुंबईकडून खेळले, भारताचे कर्णधार झाले. कसोटीत द्विशतक काढणारे ते पहिले भारतीय. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा केल्या. क्रिकेट नियामक मंडळ वर्षातल्या उत्तम भारतीय खेळाडूला जो पुरस्कार देते, तो त्यांच्याच नावाचा आहे.

हेच उम्रीगर १९५२ मध्ये भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले. तिथल्या कौंटी संघांविरुद्ध आणि इतर सामन्यांत त्यांनी धावांचा पाऊस पाडला. साऱ्या दौऱ्यात मिळून १६०० हून अधिक धावा केल्या, त्यांत द्विशतकेही होती. पण चार कसोटी सामन्यांत काय झाले? सात डावांत मिळून ४३ धावा! सरासरी ६.१४. सर्वांत मोठी धावसंख्या होती १४. समोर फ्रेड ट्रूमन हा नवा, तुफान वेगाचा गोलंदाज होता. त्या मालिकेत त्याने २९ बळी घेतले. लीड्सला तर भारताच्या दुसऱ्या डावात एकही धाव होण्यापूर्वी चार गडी बाद झाले होते.

तुमच्या कागदी संघात त्या उन्हाळ्यात उम्रीगर असते, तर तुम्ही कोणती श्रेणी दिली असती? ‘क’सुद्धा हात आखडतच दिली असती. आणि निवड समितीने ती वही पाहून त्यांना वगळले असते तर? पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, भारतीय संघ वेस्ट इंडीजला गेला आणि तिथे उम्रीगरांनी पाच कसोटींत ५६० धावा केल्या. सरासरी ६२.२२!

इथे कोणी म्हणेल, की सात डाव म्हणजे थोडे, ते अपयश निव्वळ दैवाचे. मला हे उत्तर फार सोपे वाटते. हिशेब करून पाहू. समजा, चांगला फलंदाजही तीन डावांत एकदा १४ किंवा त्याहून कमी धावांत बाद होतो. मग लागोपाठ सात डाव असे जाण्याची संभाव्यता एक तृतीयांशाचा सातवा घात, म्हणजे २१८७ मध्ये एक. इतकी लहान संभाव्यता पाहिली, की नुसते दैव पुरत नाही असे वाटू लागते. वेग, ओलसर खेळपट्ट्या, परका मुलूख यांचा वाटा असणार.

पण थांबा, या हिशेबातही एक खोच आहे. ते सात डाव आपण आधी ठरवून निवडले नव्हते. सबंध कारकिर्दीतले वाईट असे शोधून काढले. उम्रीगर कसोटीत एकूण ९४ डाव खेळले. त्यांतून लागोपाठचे सात डाव ८८ प्रकारे घेता येतात. तेव्हा असा पट्टा कुठेतरी सापडण्याची संभाव्यता ८८ भागिले २१८७ इतकी, म्हणजे शंभरांत फार तर चार. चार ही लहान संख्या खरी, पण २१८७ मध्ये एकपेक्षा ती पुष्कळ मोठी. आकड्यांना प्रश्न विचारताना ‘हे उदाहरण मला कसे सापडले?’ असे आधी स्वतःला विचारावे लागते, ते याचसाठी.

आता सगळी कारकीर्द पाहू. ५९ कसोटी, ९४ डाव, ८ वेळा नाबाद, ३६३१ धावा. क्रिकेटच्या रीतीप्रमाणे धावांना बाद झालेल्या डावांनी, म्हणजे ८६ ने भागतात. सरासरी येते ४२.२२. तीच ९४ ने भागली तर ३८.६३. खोटे यांतले कोणतेच नाही. पहिली संख्या ‘एकदा बाद होईपर्यंत किती धावा’ हे सांगते, तर दुसरी ‘दर डावाला संघाच्या पदरी किती धावा’ हे. कागदी संघाच्या नियमांत भाजक कोणता, हे हंगाम सुरू होण्याआधी लिहून ठेवले नाही तर शेवटी भांडण ठरलेले. १९५२ चे ते सात डाव वगळून भागाकार केला, तर ३५८८ भागिले ७९, म्हणजे ४५.४२. एका उन्हाळ्याने माणसाची जन्माची सरासरी तीन धावांनी खाली ओढली.

उंच बापाचा मुलगा

ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन याने १८८६ मध्ये २०५ जोडप्यांच्या व त्यांच्या ९२८ प्रौढ मुलांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फार उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सरासरीने आईबापांइतकी नव्हे. फार ठेंगण्या आईबापांची मुले ठेंगणी असतात, पण तितकी नव्हे. दोन्ही टोकांची संतती मध्याकडे झुकते.

खेळातही असेच घडते. हंगामाच्या पूर्वार्धात जो सर्वांत वर असतो, त्याच्याजवळ कौशल्य असतेच. पण बहुधा त्याच वेळी नशिबाचेही दान पडलेले असते. उत्तरार्धात कौशल्य राहते, नशीब राहीलच असे नाही. मग ‘अ’ श्रेणीचा मुलगा ‘ब’ वर येतो आणि ‘डोक्यात हवा गेली’ असा शेरा त्याला उगीच ऐकावा लागतो. याउलट तळाच्या मुलाला चार शब्द सुनावले आणि पुढच्या सामन्यात तो सुधारला, की रागावण्याचाच गुण आला असे आम्हा शिक्षकांना वाटते! उम्रीगरांच्या १९५३ च्या ५६० धावांत त्यांची मेहनत होती, यात शंका नाही, पण ६.१४ वरून कोणाचीही वाट बहुतेक वरच जाते.

आणखी एक अडचण वेगवेगळ्या जागांची. आघाडीचा खेळाडू आणि बचावपटू यांना एकाच काट्यावर कसे तोलायचे? शाळेतले उदाहरण घ्या. मराठीत ७० गुण मिळाले आणि वर्गाची सरासरी ६८. गणितात ६० मिळाले आणि वर्गाची सरासरी ४०. खरी चमक गणितात. तसेच आघाडीच्या खेळाडूची तुलना आघाडीवाल्यांच्या सरासरीशी आणि बचावपटूची बचावपटूंच्या सरासरीशी करावी.

बर्फावरच्या हॉकीत यावर एक वेगळी युक्ती वापरतात. दोन्ही बाजूंना सारखेच गडी असताना आपल्या संघाचा गोल झाला, तर त्या क्षणी मैदानावर असलेल्या प्रत्येक गड्याला अधिक १. आपल्यावर झाला तर उणे १. बॉस्टन संघाच्या बॉबी ऑर या बचावपटूने १९७०–७१ च्या हंगामात अशा रीतीने अधिक १२४ मिळवले, आणि तो उच्चांक टिकून आहे. गोल न करताही मोलाचे काम करणाऱ्याची यात नोंद होते. पण सोबती चांगले असतील तर सामान्य गडीही अधिकांत जातो, हा तिचा दोष.

समोर कोण होते, हेही विसरता येत नाही. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हॉकीचे संघच तीन होते. भारताने जपानला ११–१ आणि अमेरिकेला २४–१ असे हरवले. त्या ३५ गोलांपैकी रूपसिंग यांचे १३ आणि त्यांचे थोरले बंधू ध्यानचंद यांचे १२. यावरून धाकटा भाऊ सरस म्हणायचा का? त्याचे १० गोल एकट्या अमेरिकेविरुद्ध होते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण पुन्हा आपल्या सोलापूरकराचे. एप्रिल १९६२, पोर्ट ऑफ स्पेन, वेस्ट इंडीजविरुद्ध चौथी कसोटी. उम्रीगरांनी पहिल्या डावात ५६ आणि दुसऱ्यात नाबाद १७२ धावा केल्या, शिवाय १०७ धावांत ५ बळी घेतले. भारत सात गडी राखून हरला. मालिकेतले पाचही सामने हरला. एका धावेला १ आणि एका बळीला २० गुण धरले, तर त्यांचे २२८ अधिक १००, म्हणजे ३२८ गुण होतात. हरलेल्या संघातल्या गड्याला तुम्ही गुण कापणार की वाढवून देणार?

पार्क मैदानावर किंवा तुमच्या शाळेच्या पटांगणात यंदा जे सामने होतील, त्यांच्यासाठी एक वही आखा. खेळाडू, जागा, समोरचा संघ, किती वेळ मैदानावर होता, किती संधी आल्या, किती साधल्या, असे सहा रकाने पुरतील. सातवा श्रेणीचा, तो पेन्सिलीने भरा आणि जवळ खोडरबर ठेवा.