चार दिवस इंत्रूजचे

फ्रीलान्सर असण्याचा एक फायदा म्हणजे रजेचा अर्ज द्यावा लागत नाही. तोटा असा, की मजा करायलाही वही-कॅमेरा घेऊन जावं लागतं. तशीच गेले गोव्याला, कार्निव्हल ‘कव्हर’ करायला.

शनिवारी दुपारी पणजीच्या रस्त्यावर ही गर्दी! आधी आला किंग मोमो, चार दिवसांचा राजा. त्याचं फर्मान एकच : खा, प्या, मजा करा! मागे फ्लोट्स, पिसांचे मुकुट, ब्रास बँड आणि... जाहिराती. फोटो झक्कास आले, पण मन काही नाचेना.

रात्री होमस्टेच्या आंटींना तसं सांगितलं, तर त्या हसल्या. ‘‘ती परेड तुमची, बाय. आमचें इंत्रूज गांवांत.’’

इंत्रूज म्हणजे पोर्तुगीज ‘एन्त्रुदु’. लेन्टच्या चाळीस दिवसांच्या उपवासात शिरण्याआधीचा जल्लोष. श्रावणाआधीची आपली गटारी आठवा, लगेच कळेल! पोर्तुगीजांनी हा सण आणला, १९६१ मध्ये ते गेले, सण राहिला. पणजीची सरकारी परेड तर १९६५ पासूनची. त्याआधी गल्लीबोळांत एकमेकांना पीठ आणि रंग फासणं चालायचं. गावोगाव फिरून अंगणात ‘खेळ’ व्हायचे. छोटी नाटकंच ती, आणि त्यांत खुद्द भाटकाराची, म्हणजे जमीनदाराचीही टर उडवायची सूट!

सोमवारी आंटी मला चांदरला घेऊन गेल्या, मुसळ खेळ बघायला. चांदर ही एकेकाळची कदंबांची राजधानी. ख्रिस्ती घरांतले पुरुष धोतर नेसून, जमिनीवर मुसळं आपटत दारोदार नाचत होते. हे काही लिस्बनहून आलेलं नाही, इथल्याच मातीतलं. माझा कॅमेरा बॅगेत कधी गेला, कळलंच नाही.

बुधवारी जाग आली तर घर चिडीचूप. आंटी चर्चमधून परतल्या, कपाळावर राखेचा क्रूस. सोरपोतेलचं भांडं घासून पालथं घातलेलं. ‘‘सोंपलें!’’ त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर हळहळ नावालाही नाही.

खरं सांगू? हेवा वाटला. आपल्या वीकेण्डच्या पार्ट्यांना ना निमित्त, ना शेवट. म्हणूनच बहुतेक एकही धड लक्षात राहत नाही.

तेव्हा जाल तर शनिवारी पणजीत फोटो जरूर काढा. पण परतीचं तिकीट मात्र बुधवारचं काढा!