मोडांचं रसायन

मटकी सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात बांधून ठेवायची आणि मोड आले की उसळ फोडणीला टाकायची. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरातल्या या रीतीमागे पक्कं रसायनशास्त्र आहे.

कडधान्याचा दाणा म्हणजे बी. अंकुरासाठी लागणारा फॉस्फरस त्यात फायटिक आम्लाच्या रूपात साठवलेला असतो. या आम्लाच्या रेणूवर फॉस्फेटचे सहा गट असतात. आपल्या आतड्यात हेच गट लोह आणि जस्त घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे ताटात असलेलं लोह अंगी लागत नाही. दाण्याला मोड येऊ लागले की त्यातलं फायटेज हे विकर कामाला लागतं आणि फॉस्फेटचे गट तोडत जातं. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्वही मोडांत तयार होतं.

उसळीने पोटात गॅस होतो तो रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करांमुळे. त्या पचवणारं विकर माणसाच्या आतड्यात नसतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. भिजवलेलं पाणी ओतून दिलं की या शर्करांचा काही भाग निघून जातो. मात्र त्या निव्वळ उपद्रवी नाहीत. याच आंबण्यातून ब्युटिरेट तयार होतं आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं ते मुख्य इंधन आहे.

राजम्याच्या बाबतीत मात्र हयगय नको. कच्च्या राजम्यातल्या लेक्टिन या प्रथिनाने उलट्या-जुलाब होतात. मंद आचेवर अर्धवट शिजवल्याने ते नष्ट होत नाही. राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी टाकून द्यावं आणि ताज्या पाण्यात खळखळून उकळत पूर्ण शिजवावा.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत आणि उसळ हे त्यावरचं औषध नव्हे. पण कडधान्यातलं लोह वाया जाऊ न देणं आपल्या हातात आहे. उसळ ताटात वाढल्यावर तिच्यावर लिंबू पिळा, कारण क जीवनसत्त्व लोहाला शोषण्याजोग्या रूपात आणतं. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, त्यातलं टॅनिन लोह अडवतं. घरातल्या वाढत्या मुलींच्या ताटापासून ही सवय सुरू करा.