लेबलवर नसलेला आकडा

१९७२ साली फ्रान्समध्ये तान्ह्या बाळांच्या लंगोटाखाली भाजल्यासारखे लाल चट्टे उठू लागले, पाठोपाठ झटके येऊ लागले. २०४ मुलं आजारी पडली, ३६ दगावली. ‘ताल्क मोरांज’ या पावडरीत प्रयोगशाळेला ६.३ टक्के हेक्झाक्लोरोफीन सापडलं. हे जंतुनाशक तिच्यात असायलाच नको होतं. कारखान्यात चुकून मिसळलं गेलं होतं. सोलवटलेल्या नाजूक कातडीतून ते रक्तात उतरलं आणि मेंदूपर्यंत पोचलं.

म्हणून जंतूंची वाढ रोखणारी परिरक्षकं सौंदर्यप्रसाधनांतून हद्दपार करा, असं मी म्हणणार नाही. पाणी असलेल्या क्रीममध्ये जंतू वाढतात, आपण रोज त्यात बोट बुडवतो. प्रश्न असतो तो किती, हा. आणि ते डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही.

ते कळतं मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर. ग्रॅमभर क्रीम मिथेनॉलमध्ये घोळवायचं, अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवायचं, गाळून कॉलममध्ये सोडायचं. पॅराबेनं ही क्रीममधली नेहमीची परिरक्षकं रांगेनं बाहेर पडतात: आधी मिथिल, मग इथिल, प्रोपिल, ब्युटिल. अतिनील प्रकाशात प्रत्येकाचा एक उंचवटा उमटतो. त्याचं क्षेत्रफळ ठाऊक प्रमाणाच्या नमुन्याशी ताडलं की प्रमाण मिळतं. खरी कसोटी त्याआधीची. क्रीममधली तेलं आणि मेणं परिरक्षकाला धरून ठेवतात. म्हणून मोजून घेतलेलं पॅराबेन मुद्दाम क्रीममध्ये मिसळून ते किती परत मिळतं, हे आधी पाहावं लागतं. हे न करता दिलेल्या अहवालावर माझा विश्वास नाही.

२००४ साली ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या फिलिपा डार्ब्र यांना स्तनाच्या २० गाठींच्या नमुन्यांच्या तपासणीत पॅराबेनं आढळली. त्यांच्यामुळेच गाठी झाल्या, हे त्यातून सिद्ध होत नव्हतं. पण भीती पसरली आणि बाटल्यांवर ‘पॅराबेनमुक्त’ झळकू लागलं. पुष्कळ ठिकाणी मिथिलआयसोथायाझोलिनोन हे दुसरं परिरक्षक पॅराबेनांची जागा घेऊन बसलं. युरोपनं २००५ साली ते किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत वापरू दिलं होतं. पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडे खाज, पुरळ, सुजलेल्या पापण्या घेऊन माणसं येऊ लागली. २०१३ साली अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संस्थेनं त्याला ‘वर्षाचा अ‍ॅलर्जन’ ठरवलं. २०१७पासून युरोपात अंगावर राहणाऱ्या क्रीममधून ते हद्दपार झालं. धुऊन टाकायच्या शाम्पूत २०१८पासून मर्यादा आली किलोमागे १५ मिलिग्रॅमची. मिथिल पॅराबेनला तिथे किलोमागे ४ ग्रॅमपर्यंत मुभा आहे. म्हणजे भीतीपोटी आपण ज्याला दूर लोटलं, त्याच्या जागी आलेलं रसायन कित्येक पटींनी कमी प्रमाणातही कातडीला झोंबणारं निघालं.

आपल्याकडच्या लेबलवर घटकांची नावं असतात. १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं. त्याखालचे कोणत्याही क्रमानं छापले तरी चालतात. परिरक्षकं जवळजवळ नेहमी या दुसऱ्या गटात. ज्या कारखान्यानं ती मोजून घातली, त्याला आकडा ठाऊक असतो. बाळाला पावडर लावणाऱ्या आईला नसतो. नावाशेजारी तो आकडा छापणं कायद्यानं सक्तीचं करावं.