बारावीचं उत्तर आणि गटाची वही

मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईंची लेक बारावी सायन्सला फिजिक्समध्ये राहिली. "सगळं येत होतं गं," म्हणून रडली. घरात लग्नाची बोलणी सुरू झाली. आम्ही ताईंना म्हटलं, आधी बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवू. प्रत आली आणि उलगडा झाला. पोरीनं गणितांची नुसती उत्तरं लिहिली होती.

आपण गटाच्या वहीत नुसती शिल्लक लिहितो का? आधी जमा, मग खर्च, मग शिल्लक. पेपर तपासणाऱ्यालाही अशाच पायऱ्या हव्या असतात. समजा, सेकंद लंबकाची लांबी विचारली. आधी सूत्र लिहायचं. मग किमती घालायच्या, त्याचा आवर्तकाल २ सेकंद. मग उत्तर, सुमारे ०.९९ मीटर. आकडेमोड चुकली तरी सूत्राचे गुण मिळू शकतात. 'मीटर' राहिलं तर हातचे गुण जाऊ शकतात.

आर्ट्सच्या मुलांना वाटतं, पानं भरली की गुण मिळतात. तसं नाही. 'का' विचारलं तर कारण द्यावं. आपल्या महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह का झाला? सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये तळं खुलं केलं. पण हक्क कागदावरच राहिला, अस्पृश्य मानलेल्यांना पाणी मिळेना. म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला. कारण, घटना, तारीख, एवढ्यात उत्तर पुरं. भूगोलात पोलादपूरला पाऊस जास्त आणि वाईला कमी का, असं आलं तर सह्याद्रीची छोटी आकृती काढावी. वाई पर्जन्यछायेत, हे चटकन दिसतं.

वेळेचाही हिशेब ठेवा. फिजिक्सचा लेखी पेपर ७० गुणांचा, वेळ तीन तास. म्हणजे एका गुणाला अडीच मिनिटं. दोन गुणांच्या प्रश्नावर पंधरा मिनिटं घालवली, तर शेवटचे प्रश्न कोरे राहणारच.

त्या ताई सातवी शिकलेल्या. तरी रोज संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की लेकीची वही घेऊन बसायच्या. "सूत्र कुठाय? मीटर, सेकंद कुठाय? 'का'चं उत्तर कुठाय?" एवढंच विचारायच्या. पोर पुरवणी परीक्षेत पास झाली. लग्नाची बोलणी थांबली.

मैत्रिणींनो, हे तीन प्रश्न विचारायला बारावी शिकलेलं असावं लागत नाही. आज घरी गेलात की लेकीची वही उघडा.