संगणकावरील परीक्षा व सूचनांची परवानगी

संगणकावर घरबसल्या द्यावयाच्या परीक्षेत पर्यवेक्षक समोर नसतो. तो दूर राहून कॅमेऱ्यावाटे परीक्षार्थीवर लक्ष ठेवतो. सन २०२० च्या करोना साथीत ही पद्धती पुष्कळांच्या परिचयाची झाली. ज्याच्या घरी संगणक नाही असा गावातील विद्यार्थी अशा वेळी शिक्षकांकडेच येतो. यास्तव पुढील माहिती शिक्षकांस असणे इष्ट होय.

'चेहरा दिसत नाही', 'माईक बंद आहे' असे निरोप काही परीक्षा-व्यवस्थांत पडद्याच्या कोपऱ्यात उमटणाऱ्या लहानशा चौकटीतून येतात. हीच नोटिफिकेशन. ती उमटली नाही तर परीक्षार्थी निश्चिंतपणे लिहीत राहतो, आणि इशारा देऊनही त्याने मानला नाही असा पर्यवेक्षकाचा ग्रह होतो. दोष यंत्राचा, शिक्षा मुलाला!

ही चौकट उमटण्यास दोन परवानग्या लागतात. पहिली ब्राउझरची. परीक्षेचे संकेतस्थळ प्रथम उघडताच सूचना दाखवाव्यात काय असा प्रश्न येतो. तेथे 'अलाऊ' दाबावे. घाईने 'ब्लॉक' दाबले गेले तर तो प्रश्न पुन्हा येत नाही, आणि बहुतेकांची अडचण येथेच होते. अशा वेळी क्रोममध्ये पत्त्याच्या ओळीच्या डाव्या टोकावरील चिन्ह दाबून 'साइट सेटिंग्ज' उघडावे, 'नोटिफिकेशन्स' समोर 'अलाऊ' निवडावे व पान पुन्हा उघडावे. 'इनकॉग्निटो' खिडकीत मात्र क्रोम ही परवानगी देतच नाही.

दुसरी परवानगी खुद्द संगणकाची. तिचा बहुधा विसर पडतो. विंडोजच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम' व त्यात 'नोटिफिकेशन्स' उघडून मुख्य कळ व यादीतील ब्राउझरच्या नावापुढील कळ सुरू ठेवावी. विंडोज ११ मधील 'डू नॉट डिस्टर्ब' व विंडोज १० मधील 'फोकस असिस्ट' बंद असावे. एखादे काम पूर्ण पडदा व्यापू लागले की विंडोज आपण होऊन सूचना रोखू शकते, आणि प्रश्नपत्रिका तर पुष्कळदा पूर्ण पडदाच व्यापते. तेव्हा तेथील स्वयंचलित नियमही पाहून बंद करावा. त्याच यादीत व्हॉट्सॲप, ई-मेल इत्यादींच्या कळा बंद कराव्यात. मित्राचा निरोप पडद्यावर झळकला तर पर्यवेक्षकास शंका येणे स्वाभाविक आहे.

'अलाऊ' म्हणावयाचे ते केवळ परीक्षेच्या संकेतस्थळास. इतर अनोळखी स्थळेही हाच प्रश्न विचारतात, आणि होकार मिळताच फसव्या जाहिरातींचा भडिमार सुरू होतो. काही संस्था परीक्षेच्या वेळी सर्वच सूचना बंद ठेवण्यास सांगतात. तेथे त्यांचे सूचनापत्र प्रमाण मानावे.

हे सर्व आदल्या दिवशी, ज्या संगणकावर व ज्या ब्राउझरमध्ये परीक्षा द्यावयाची त्यावरच, सराव परीक्षा उघडून विद्यार्थ्याच्या हातून करून घ्यावे. परीक्षा संपल्यावर दिलेली परवानगी त्याच ठिकाणी जाऊन काढून घेता येते.