मनगटावरचा वायुभारमापक

गिरिभ्रमणाला जाणाऱ्या मुलांच्या मनगटावर हल्ली उंची, हवेचा दाब, दिशा व तापमान दाखविणारी जाडजूड घड्याळे दिसतात. मी वाणिज्य शाखेचा. पण मामांनी दिलेले असे एक घड्याळ वर्षभर वापरतो आहे, म्हणून चार शब्द.

मुख्य गोष्ट ही की माझ्या या घड्याळाला उंची मुळी कळतच नाही. त्याला कळतो तो हवेचा दाब. वर चढावे तसा दाब घटतो, सखल भागात साधारण आठ मीटरमागे एक मिलिबार, आणि त्यावरून ते उंचीचा आकडा मांडते. म्हणून निघण्यापूर्वी ठाऊक असलेली उंची त्यात भरावी लागते. आमच्या बेळगावची सुमारे ७५० मीटर. खतावणीत आरंभीची शिल्लकच चुकली की पुढचे सारे आकडे चुकतात, तसेच हे.

खरी गंमत पुढेच आहे. मुक्कामी तंबूत बसल्या बसल्या उंची ४० मीटरने ‘वाढली’, तर डोंगर काही वाढलेला नसतो. दाब चार-पाच मिलिबारांनी उतरलेला असतो. ही वादळी पावसाची वर्दी समजावी व ओढ्याकाठचा तंबू उजेड आहे तोवर वर हलवावा.

तापमानाचा आकडा मनगटावर असताना खोटाच, कारण अंगाची ऊब त्यात मिसळते. घड्याळ काढून वीस-तीस मिनिटे सावलीत टांगावे. दिशा पाहताना लोखंड जवळ नको. आणि दिव्याची हौस बेताने! सेल उतरू लागला की आधी दिवा व दाब-दिशेची मापे बंद पडतात; वेळ तेवढी दिसत राहते.